सुप्याच्या रानातील गृहप्राणी आणि त्यांचे वैद्यक

काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर एकेकाळी जे सुपा गाव नांदत होते, आणि ज्याच्या नावाने हा सारा मुलूख मुंबई इलाख्याच्या सरकारदप्तरी ओळखला जात असे, ते गाव काळीवर बांधलेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, विस्थापितांपैकी पुष्कळांनी रामनगरास नवी घरे बांधली, आणि सुप्याचे नाव तेवढे धरणाला चिकटून राहिले. गाव हलले तरी रान मात्र हलले नाही. दांडेलीचे अभयारण्य व अणशीचे राष्ट्रीय उद्यान २००७ साली एकत्र होऊन व्याघ्रप्रकल्प झाला, २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले, आणि आज या तालुक्यात क्वचितच असे घर असेल की ज्याच्या परसाची शेवटची कुंपणकाठी आणि रानाचे पहिले झाड यांच्यामध्ये हाक पोहोचणार नाही इतके अंतर आहे. अशा घरांच्या ओसरीवर कुत्रा असतो, चुलीपाशी मांजर असते, गवळी-धनगरांच्या वाड्यांवर म्हशींबरोबर राखणीची दोन-चार कुत्री असतात. आणि अलीकडे, गणेशगुडी-दांडेलीकडे प्रवाशांची वर्दळ वाढल्यापासून, पिंजऱ्यातल्या ऑस्ट्रेलियन चिमण्या, पांढरे ससे आणि काचेच्या पेटीतली लाल कानाची कासवे हीही या घरांत दिसू लागली आहेत.

या लहान प्राण्यांचे वैद्यक म्हणजे शहरातील सुखवस्तू लोकांची हौस, अशी एक समजूत आपल्याकडे दृढ आहे. जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस. त्यांच्यासाठी सरकारी गुरांचा दवाखाना आहे. कुत्र्या-मांजराला कसला आला डॉक्टर, असे म्हणणारी मंडळी निर्दय असतात असे नाही, किंबहुना तीच मंडळी त्या कुत्र्याला आपल्या ताटातला पहिला घास घालतात. पण ही समजूत सर्वत्र चुकीची असली तरी सुप्यासारख्या ठिकाणी ती विशेष घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण येथे गृहप्राणी हा रान आणि घर यांच्या मधल्या उंबरठ्यावर बसलेला असतो, आणि रानातले जे काही घरात येते व घरातले जे काही रानात जाते, ते बव्हंशी त्याच्या अंगावरून जाते.

आपल्या देशाला पशुवैद्यक नवे नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही तजवीज केल्याचा उल्लेख आहे; शालिहोत्राच्या नावावर अश्वांचे आणि पालकाप्याच्या नावावर हत्तींचे शास्त्र चालत आले आहे. आधुनिक पद्धतीचे शिक्षण मात्र आपल्या भागात मुंबईतून आले. सर दिनशा पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्याच्याच आश्रयाने १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी मुंबईची ट्राम घोडे ओढीत, लष्कराला घोडे लागत, म्हणून घोडा हाच अभ्यासक्रमाचा नायक होता. पुढे घोडा मागे पडला आणि बैल-म्हैस पुढे आली. सुपा ज्यात मोडते तो उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व पुढे मुंबई राज्यात होता, त्यामुळे सुप्याच्या शेतकऱ्याला ठाऊक असलेला गुरांचा डॉक्टर हा त्याच परंपरेतला, आणि त्याचे काम म्हणजे बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत या सांसर्गिक रोगांचा बंदोबस्त करणे. त्यांपैकी बुळकांडी हा रोग २०११ साली साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपूर्ण नष्ट केलेला हा दुसराच रोग. ज्या लोकांनी गावोगाव पायपीट करून लस टोचली, त्यांच्या नावाने कोठे चौक नाहीत, म्हणून येथे त्यांचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते.

आज जो तरुण या व्यवसायात शिरतो, तो साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यातील एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे, पुरा करून पशुवैद्यक परिषदेत आपले नाव नोंदवितो. महाराष्ट्रात परळ, नागपूर, शिरवळ अशी महाविद्यालये आहेत. सुप्याच्या मुलाला शिवमोगा जवळ. अभ्यासक्रमाचा मोठा भाग अजूनही गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांनी व्यापलेला असतो, आणि तसा तो असणे देशाच्या गरजेला धरूनच आहे. त्यामुळे कुत्र्या-मांजरांत प्रावीण्य मिळवायचे तर पदव्युत्तर शिक्षण किंवा एखाद्या अनुभवी चिकित्सकाच्या हाताखालची वर्षे लागतात. ससा, पोपट, कासव, सरडा अशा प्राण्यांच्या बाबतीत तर, ज्यांना शहरात ‘एक्झॉटिक’ म्हणतात, बरेचसे ज्ञान स्वतःच्या वाचनातून, परदेशी ग्रंथांतून आणि, हे कबूल केले पाहिजे, मेलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनातून गोळा करावे लागते. सर्वांत अवघड भाग मात्र निराळाच आहे. रुग्ण बोलत नाही. बोलतो तो त्याचा धनी. धन्याला काय दिसले, काय दिसले नाही, आणि दिसलेले काय सांगायला तो संकोचतो, हे ओळखण्यात या वैद्यकाची निम्मी विद्या खर्ची पडते.

म्हणून डॉक्टरकडे जाण्यापूर्वीची जी सावधगिरी, तिचा आरंभ औषधाने होत नाही. आपले जनावर निरोगी असताना कसे असते हे नीट पाहून ठेवण्याने होतो. कुत्र्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, आपल्याहून अधिक. तेव्हा हाताला कान गरम लागला म्हणजे ताप आला असे नव्हे. ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी, बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. हिरडी फिकट, निळसर, पिवळी किंवा विटेसारखी लाल दिसली, तर उद्याची वाट पाहू नये. ही एक गोष्ट जरी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असली, तरी दूरध्वनीवरून डॉक्टरला जे सांगता येते त्याचे मोल कितीतरी वाढते, आणि जेथून बेळगाव, धारवाड किंवा गोवा गाठायला घाटरस्त्याने काही तास मोडतात, तेथे ते मोल जीवाएवढे असते.

आमच्या घरी एक मांजर होती. पावसाळ्यात ती मलूल झाली, नाक वाहू लागले, तेव्हा माझ्या मावशीने, जिने आयुष्यात कोणाही प्राण्याला काठी उगारली नव्हती, घरात तापावर असलेल्या पॅरासिटामॉलची गोळी मोडून अर्धी दुधातून तिला पाजली. संध्याकाळी मांजरीचा चेहरा सुजला, हिरड्या तपकिरी झाल्या, श्वास लागला, आणि पहाटे ती गेली. मावशीला पुष्कळ दिवस वाटत होते की आजार मोठा होता. आजार बहुधा साधा पडसेच होता. जीव घेतला तो गोळीने. मांजराच्या यकृतात हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची जी रासायनिक वाट लागते ती जवळजवळ नसतेच. त्यामुळे औषधाचे विष होऊन रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते. यावर उतारा आहे, पण तो काही तासांच्या आत मिळावा लागतो. यकृताच्या याच उणिवेमुळे कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी घालायचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजरावर घातले, तर तिला झटके येऊन ती मरू शकते.

एका देहाचे औषध ते दुसऱ्या देहाचे विष, हा धडा आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. गुरांच्या वेदनेवर सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक गाईला मानवत होते. पण त्या गाईचे शव खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड त्याने निकामी होई, आणि कोणाला उलगडा होण्यापूर्वीच आपल्या तीन जातींच्या गिधाडांपैकी शेकडा ९५ हून अधिक नाहीशी झाली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ज्या पशुवैद्यांनी ते टोचले त्यांच्या हेतूत कोठेही खोट नव्हती. हेतू माझ्या मावशीचाही निर्मळच होता.

अपरिचित प्राण्यांच्या बाबतीत हा भेद अधिकच तीव्र होतो. ससा कुत्र्यासारखा ओकू शकत नाही. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावण्यानेच झिजतात. त्याच्या आतड्यात जिवाणूंचे जे नाजूक राज्य असते ते पेनिसिलिनसारखे औषध तोंडावाटे दिले तर उद्ध्वस्त होते, आणि कुत्र्यांना चालणारे फिप्रोनिल हे गोचिडांचे औषध त्याला जीवघेणे ठरते. गाजर व पोळी खाऊन गुबगुबीत झालेला ससा सुदृढ समजू नये. त्याला मुख्यतः गवतच हवे, आणि बारा तास त्याने काही खाल्ले नाही व लेंड्या टाकल्या नाहीत तर ती तातडीची बाब समजावी. पाखराला श्वासपटल नसते. उरोस्थी पुढे-मागे हलवून ते श्वास घेते, म्हणून प्रेमाने मुठीत घट्ट धरलेले पाखरू मुठीतच गुदमरते. स्वयंपाकघरात न चिकटणारा तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा धूर माणसाला जाणवण्यापूर्वी पिंजऱ्यातले पाखरू मरून पडते. शिवाय पाखरू आजार लपविते, कारण रानात दुबळे दिसणे म्हणजे शिकार होणे. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेले पाखरू हे आजाराच्या आरंभाला नव्हे, शेवटाला पोहोचलेले असते.

कासवाचे दुःख तर वर्षानुवर्षे चालते. लाल कानाचे कासव मूळचे उत्तर अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यातले. बाजारात ते रुपयाएवढे असते, आणि ते वाढून थाळीएवढे होते व वीस-तीस वर्षे जगते, हे विकणारा सांगत नाही. त्याच्या कवचाला सूर्याच्या जंबुपार किरणांची गरज असते, आणि ते किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. त्यामुळे ‘उन्हात ठेवतो’ असे सांगणाऱ्यांच्या घरीही कवच मऊ पडलेली, पाय वाकलेली कासवे आढळतात. त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुले ही कासवे तोंडात घालीत म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आणि जेव्हा या कासवाचा कंटाळा येतो, तेव्हा ते पुण्याच्या भावनेने पाण्यात सोडून दिले जाते. सुप्याच्या जलाशयात असे कासव कोणीही सोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते मरत नाही, फोफावते, आणि तेथल्या देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते.

येथे कायद्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ सज्जन माणसे नकळत गुन्हा करीत असतात. आपला हिरवा राघू, साळुंकी, मुनिया, पाठीवर चांदण्या असलेले कासव, हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि त्यांना पाळता येत नाही. घरट्यातून पडलेले पिल्लू ‘वाढवून सोडू’ म्हणून ठेवणेही कायद्यात बसत नाही. ते वनखात्याच्या हवाली करावे. आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले विदेशी प्राणी ज्यांच्यापाशी आहेत त्यांनी, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार व २०२४ च्या नियमांनुसार, सरकारकडे त्यांची नोंद करणे बंधनकारक आहे.

आता उंबरठ्याकडे पुन्हा येऊ. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ज्वर येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधून काढला. त्यालाच आपण माकडताप आणि कन्नडिग शेजारी ‘मंगन कायिले’ म्हणतात. तो २०१५ साली गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात पसरला. आमचा जिल्हा तर त्याच्या जुन्या मुलखाला लागूनच आहे. रानातील गोचीड हा त्याचा वाहक. या गोचिडीची पूर्ण वाढलेली अवस्था गुरांवर पोसली जाते, तिची बारीक पिल्ले माणसाला चावतात, आणि त्यांचा जोर साधारणतः डिसेंबरपासून मेपर्यंत असतो. कुत्रा हा रोग निर्माण करीत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर भीतीपोटी बिचाऱ्या जनावरांना हाकलून दिले जाईल. परंतु रानात हिंडून आलेला कुत्रा अंगावर गोचिडी आणू शकतो, म्हणून त्या मोसमात त्याला अंथरुणावर घेऊ नये, आणि रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्यखात्याला कळवावे.

घरातली तपकिरी गोचीड निराळी. ती भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते आणि कुत्र्याच्या रक्तात एर्लिकिया, बॅबेसिया हे जंतू सोडते. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, चहासारखी लघवी ही त्याची लक्षणे. रॉकेल चोळणे, विडीचा चटका देणे, किंवा भातावर मारायचे औषध कुत्र्याच्या अंगावर ओतणे हे तिन्ही उपाय मी पाहिले आहेत आणि तिन्ही टाकून देण्याजोगे आहेत. रॉकेलने कातडी भाजते, चटक्याने कुत्राच भाजतो, आणि शेतीचे विष कातडीतून रक्तात जाते. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावी, चिरडू नये, आणि डॉक्टरने वजन पाहून दिलेले औषध वेळच्या वेळी द्यावे. पावसाळ्यात जळवांसाठी बोटांच्या बेचक्या आणि कान रोज पाहावेत. एकाच नाकपुडीतून रक्त येत राहिले व कुत्रा सारखा शिंकत असेल, तर झऱ्याचे पाणी पिताना आत जळू शिरली असण्याची शक्यता डॉक्टरच्या कानावर घालावी.

सर्पदंशाविषयी थोडेच पण निक्षून सांगावयाचे आहे. घोणस चावली तर जागा सुजते व रक्त थांबत नाही. मण्यार चावलेले तर कळतही नाही, जनावर नुसते लुळे पडत जाते. दोरी आवळणे, चिरणे, चोखणे हे वर्ज्य. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे, आणि माणसाला दिली जाते तीच प्रतिविषाची लस त्यालाही लागते. ती नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवर चालते. आमच्या रानातल्या नागराजावर ती चालत नाही, हे ठाऊक असावे.

घरातले रानात जाते त्याची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. बुळकांडीच्या विषाणूचा एक सख्खा भाऊ कुत्र्यांत आहे, त्याचे नाव डिस्टेंपर. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले; २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले तेव्हा त्यांच्यातही हाच विषाणू सापडला. बिबट्या कुत्रा उचलतो, हे आमच्याकडे नित्याचे. अकोल्याच्या, म्हणजे नगर जिल्ह्यातील अकोले खोऱ्याच्या, उसाच्या प्रदेशात विद्या अथ्रेया व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारातील वजनाने ३९ टक्के भाग पाळीव व गावठी कुत्र्यांचा निघाला. डिस्टेंपर झालेला कुत्रा ज्या बिबट्याच्या पोटात जातो, तो बिबट्या, आणि त्याच पाणवठ्यावर येणारी कोळसुंद्यांची टोळी, यांना लस टोचणारा कोणी नाही. त्यांच्या वाट्याची लस आपल्या ओसरीवरच्या कुत्र्याला टोचावी लागते. रात्री कुत्र्याला साखळीने अंगणात बांधून ठेवणे म्हणजे बिबट्याला ताट वाढणे होय. त्याला दार लावता येईल अशा जागी घ्यावे.

रेबीजबद्दल तर दुमत असूच नये. लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य, आणि लक्षणांपूर्वी लस घेतली तर तो जवळजवळ निश्चित टळतो. दुसऱ्या कोणत्याही रोगात मृत्यू आणि सुरक्षितता इतक्या जवळ उभी नसतात. कुत्रा चावला, मग तो घरचा का असेना, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कॅसलरॉकपलीकडच्या गोव्यात गावोगाव कुत्र्यांना सलग काही वर्षे लस टोचली गेली, आणि २०२१ साली त्या राज्याला रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर करण्यात आले. यासाठी एखाद्या वस्तीतली शेकडा ७० कुत्री लसीकृत असावी लागतात. एकट्या आपल्या कुत्र्याने भागत नाही.

ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते, आणि डिग्गीकडच्या एखाद्या वाडीपर्यंत तिची कुपी न्यायची म्हणजे बर्फाचा डबा, सकाळची बस आणि पुढची चाल. डॉक्टर ती चाल करतो. पण वाडीवर पोहोचल्यावर निम्मी कुत्री रानात आणि निम्मी म्हशींमागे असतील, तर उघडलेली कुपी वाया जाते. म्हणून दिवाळीनंतर, भात कापून झाल्यावर आणि गोचिडांचा मोसम व माघातली उळवीची जत्रा यांच्या आधी, एक दिवस ठरवावा. आदल्या संध्याकाळी कुत्र्यांना बांधून ठेवावे, तीन महिन्यांवरची पिल्ले मोजावीत, आणि प्रत्येक कुत्र्यासोबत त्याच्या हाकेला ओ देणारा घरचा एक तरी माणूस सकाळी देवळापुढच्या पटांगणात हजर राहील, एवढे वाडीच्या जाणत्या माणसाने पाहावे.